शॉर्ट कुणाच्या नावावर?

आईला महिन्याला एक हजार रुपये पेन्शन येते. तिच्या वाट्याचे खरे नऊशे सहासष्टच होतात. हजाराच्या खाली जायचं नाही असा नियम आहे, म्हणून वरचे चौतीस सरकारने घातलेत. पासबुक छापून आणलं की ती ते माझ्यापुढं टाकते आणि म्हणते, "ह्यातलं चौतीस सरकारचं. बाकी तुझ्या दादाचं."

दोस्तांनो, पेन्शन ही मेहेरबानी नाही, केलेल्या कामाचा तो हक्क आहे, असं सुप्रीम कोर्टाने १७ डिसेंबर १९८२ ला नकारा खटल्यात सांगितलं. खटला सरकारी नोकरांचा होता. आपण अभ्यासवर्गात तो निकाल समजावून सांगतो. आमच्या म्हातारीला निकालाची गरज पडली नाही. ती पासबुकावर बोट ठेवून तेच सांगते.

दादा म्हणजे माझा बाप. बसचा कंडक्टर. १९७२ च्या दुष्काळात करमाळ्याकडनं आजा-आजी पोरं घेऊन दापोडीला आली. दादा पहिल्यांदा हमाली करायचा, मग १९८१ ला राखीव जागेवर कंडक्टर म्हणून लागला. शाळेत मास्तरने लावलेली १ जूनची जन्मतारीख, त्या हिशेबाने २०११ च्या मे अखेरीस अठ्ठावन्न पुरी करून घरी आला. २०२१ ला करोनाच्या दुसऱ्या लाटेत गेला. कोणत्या बसचा, कोणत्या डेपोचा, ते इथं लिहीत नाही. लिहिलं तर वाचणारा म्हणेल, तो डेपोच तसला होता. पण गाडी कुठल्याही रंगाची असू द्या, हिशेब सगळीकडं सारखाच आहे. म्हणून त्या हिशेबाबद्दल लिहितो.

ज्यांच्या घरात कंडक्टर नाही त्यांना आधी 'शॉर्ट' म्हणजे काय ते सांगायला पाहिजे. कंडक्टर ड्युटीवर निघाला की त्याला तिकिटांचे गठ्ठे मोजून देतात. कोणत्या नंबरपासून कोणत्या नंबरपर्यंत, ते वेबिलावर चढवतात. रात्री परत आला की किती तिकिटं फाटली, त्याचे किती झाले, ते काढून तेवढी कॅश भरायची. कमी भरली तर शॉर्ट. शॉर्ट कंडक्टरच्या नावावर चढतं आणि त्याच्या खिशातनं वसूल होतं. गर्दीत कुणी फाटकी नोट दिली, सुट्ट्यात चूक झाली, कुणी पैसे न देता उतरलं, काही ऐकून घेत नाहीत. शॉर्ट म्हणजे शॉर्ट. आता मशीनची तिकिटं आली, पण शॉर्टचा नियम तोच आहे.

१९९४ ला भर बाजाराच्या दिवशी गाडीत पाय ठेवायला जागा नव्हती. चेकर चढला तेव्हा मागच्या दारापाशी दोन बायांची तिकिटं फाडायची राहिली होती. दोन्ही मिळून तीन रुपये. दादावर केस झाली. चौकशी झाली. एक इन्क्रिमेंट वर्षभर थांबलं. दादा तेव्हा घरी म्हणाला, "तीन रुपयं होतं. पण नियम हाय. हिशेब द्यावाच लागतो." त्याला त्या नियमाचा राग नव्हता. उलट त्याचा तो अभिमान होता. मुक्कामी गाडी घेऊन गेला की ड्रायव्हरला गावातल्या देवळाच्या ओसरीवर जागा मिळायची. दादाला गाववाले आडनाव विचारायचे. आडनाव कळलं की तो गाडीतच दोन बाकांच्या मधे सतरंजी टाकायचा. पण कॅशची पिशवी उशाला असायची आणि त्यातला एक पैसा इकडचा तिकडं होत नसे. तीस वर्षं त्याने रोज रात्री हिशेब दिला.

आता त्याला मिळालेला हिशेब बघा.

१९९५ च्या आधी दादासारख्या कामगाराला स्वतःची पेन्शन नव्हतीच. १९७१ ची एक कुटुंब पेन्शन योजना होती, ती कामगार मेल्यावर बायकोला मिळायची. १६ नोव्हेंबर १९९५ पासून केंद्र सरकारने नवी योजना आणली. तिला सगळे ईपीएस-९५ म्हणतात. तिच्यात कामगाराच्या पगारातनं वेगळं काही कापत नाहीत. मालक फंडात जो वाटा भरतो त्यातले ८.३३ टक्के पेन्शनच्या खात्यात वळवतात. वर केंद्र सरकार १.१६ टक्के घालतं. ऐकायला बरं आहे. गोम पुढं आहे. हे टक्के खऱ्या पगारावर नाहीत, सरकारने ठरवलेल्या मर्यादेवर आहेत. मर्यादा आधी ५,००० होती. जून २००१ पासून ६,५०० झाली. त्यानंतर तेरा वर्षं कुणी हात लावला नाही. १ सप्टेंबर २०१४ ला ती १५,००० केली.

म्हणजे दादाचा पगार पुढं सरकत पंधरा हजारांच्या आसपास गेला तरी त्याच्या पेन्शनच्या खात्यात महिन्याला ५४१ रुपयेच पडत होते. केंद्राचे पंचाहत्तर. पेन्शन काढायची रीत अशी : मर्यादेतला पगार गुणिले वर्षं, भागिले सत्तर. दादाची १९९५ नंतरची सोळा वर्षं. ६,५०० गुणिले १६ भागिले ७०, म्हणजे १,४८५. लांब नोकरीची दोन वर्षांची सवलत आणि ९५ च्या आधीच्या चौदा वर्षांचा ठोक तुकडा, सगळं धरून १,९३२.

मे महिन्यात पंधरा हजार उचलणारा माणूस पुढच्या महिन्यापासून १,९३२ वर आला. आणि ही रक्कम गोठलेली. सरकारी पेन्शनरला महागाई भत्ता असतो, ह्या योजनेत नाही. २०११ ला १,९३२, २०२१ ला तो गेला तेव्हाही १,९३२. त्या दहा वर्षांत गॅसची टाकी दुपटीवर गेली. २०१४ ला किमान पेन्शन एक हजार झाली, ती दादाला लागू नव्हती, कारण तो हजाराच्या वर होता. तो मेला तेव्हा त्याची निम्मी रक्कम आईला लागली आणि ती हजाराच्या खाली गेली. तेव्हा कुठं त्या किमान पेन्शनचा लाभ आमच्या घरात आला. चौतीस रुपये.

ह्यात कुणी कायदा मोडलेला नाही, हे नीट लक्षात घ्या. सगळं नियमाने झालं. कुणी पैसे खाल्ले असते तर आपण मोर्चा काढला असता. इथं नियमच असा बांधलाय की कमीच पडावं. भरणाच कमी, तर साठणार काय आणि मिळणार काय? सरकारने संसदेत उत्तर दिलंय, की ३१ मार्च २०१९ च्या मूल्यांकनात ह्या पेन्शन फंडात तूट आहे, म्हणून किमान पेन्शन वाढवणं अवघड आहे. तूट म्हणजे आपल्या भाषेत शॉर्ट. कंडक्टरच्या वेबिलावर तीन रुपयांचं शॉर्ट आलं तर त्याच्या नावासमोर चढतं. इथं देशभरच्या कामगारांच्या म्हातारपणाचं शॉर्ट आलंय, आणि ते कुणाच्याच नावावर नाही.

मी नाव शोधायचा प्रयत्न केला. केंद्र म्हणतं, फंडात आहे तेवढंच देता येईल. पण तेरा वर्षं मर्यादा ६,५०० वर कुणी ठेवली? केंद्रानेच. २०१३ ला भगतसिंग कोश्यारी ह्यांच्या अध्यक्षतेखालच्या राज्यसभेच्या समितीने किमान पेन्शन तीन हजार करा असं सुचवलं होतं. झाली एक हजार. तेच कोश्यारी २०१९ ते २०२३ आपल्या राज्याचे राज्यपाल होते. बुलढाण्यात ह्या योजनेतले म्हातारे डिसेंबर २०१८ मध्ये साखळी उपोषणाला बसले. मागणी साडेसात हजार आणि महागाई भत्त्याची.

महामंडळ म्हणतं, आम्ही तोट्यात. जून २०२५ ला राज्याच्या परिवहन मंत्र्यांनी एसटीची श्वेतपत्रिका काढली. साठलेला तोटा दहा हजार कोटींच्या वर. थकलेल्या देण्यांत कामगारांचा फंड आणि ग्रॅच्युइटीही आहे. त्याच वर्षी एप्रिलमध्ये एसटी कामगारांच्या हातात मार्चचा पगार ५६ टक्केच पडला होता. आता हा तोटा कसा होतो? भाडं किती ठेवायचं ते महामंडळ स्वतःच्या मनाने ठरवत नाही, त्याला सरकारी मंजुरी लागते. पंचाहत्तरच्या वरच्यांना फुकट प्रवास ऑगस्ट २०२२ ला सरकारने जाहीर केला. बायांना अर्धं तिकीट मार्च २०२३ ला सरकारने जाहीर केलं. माझी आई त्याच अर्ध्या तिकिटावर करमाळ्याला जाते, मी त्याच्या विरोधात नाही. पण सवलत जाहीर करताना गाडी सरकारची असते, आणि पेन्शनचा प्रश्न आला की कंडक्टर महामंडळाचा होतो.

आपल्या शहरातल्या बसचं बघा. १९७४ ला पिंपरी-चिंचवडची स्वतःची बससेवा निघाली, पीसीएमटी. १९ ऑक्टोबर २००७ ला पुण्याची पीएमटी आणि ती एक करून पीएमपीएमएल नावाची कंपनी केली. साठ टक्के पुणे महापालिकेचे, चाळीस पिंपरी-चिंचवडचे. महापालिकेच्या कचेरीत फाइल हलवणारा महापालिकेचा नोकर. त्याच महापालिकेच्या बसवर धूळ खाणारा कंपनीचा नोकर.

२०२१ च्या ऑक्टोबर अखेरीस एसटीचा संप सुरू झाला. मागणी एकच : आम्हाला राज्य सरकारात विलीन करा. म्हणजे पगार सरकारी, पेन्शनही सरकारी. एप्रिल २०२२ ला हायकोर्टाने २२ तारखेपर्यंत कामावर या असं सांगितलं तेव्हा तो संपला. सहा महिने. त्या काळात कित्येक कर्मचाऱ्यांनी जीव दिला. सरकारी समितीने विलीनीकरण होत नाही असा अहवाल दिला. मी तेव्हा वल्लभनगर आगाराच्या फाटकाशी जाऊन बसायचो. दादाला जाऊन सहा-सात महिने झाले होते. एका तरुण कंडक्टरने विचारलं, "काका, तुमच्या वडलांना किती बसली होती?" मी आकडा सांगितला. तो हसला. त्याला वाटलं मी एक शून्य खाल्लं. मग पलीकडचा एक जुना ड्रायव्हर म्हणाला, "बरोबर हाय त्याचं. माझ्या भावाला तेवढीच हाय." मग कुणी बोललं नाही. तो जुना ड्रायव्हर थोड्या वेळाने आपल्याशीच म्हणाला, "सरकारी म्हणावं तर सरकारी न्हाई. खाजगी म्हणावं तर खाजगी न्हाई. मग आपण हाय तरी कोण?"

रात्री घरी आलो आणि मला आजा आठवला.

आजा गावचा येसकर. सरकारी टपाल त्याने न्यायचं, सारा वसुलीला वर्दी त्याने द्यायची, साहेब आला की घोड्यापुढं त्याने पळायचं. काम सगळं सरकारचं. मोबदला? दोन वावं इनाम जमीन, तीही भावकीत वाटून वाटून उरलेली, आणि खळ्यावरचं बलुतं. बलुतं देणार गाव. दिलं तर दिलं. कमी दिलं तर कुणाकडं जायचं? सरकार म्हणायचं, ते गावाचं काम. गाव म्हणायचं, तू सरकारचा नोकर. बाबासाहेबांनी १९२८ ला मुंबईच्या कायदे मंडळात महार वतनाचं बिल आणलं ते ह्याच दुखण्यावर : काम सरकार घेतं, तर मोबदला सरकारनेच द्यायला पाहिजे, तो दुसऱ्याच्या मर्जीवर सोडता येणार नाही. ते बिल तेव्हा झालं नाही. वतनं जायला १९५८ चा कायदा यावा लागला.

आज्याचं वतन गेलं. दादाच्या अंगावर खाकी आली, छातीवर बिल्ला आला, वस्तीत मान आला. मी ती सुटका खोटी म्हणणार नाही. पण म्हातारपणाचा प्रश्न आला तेव्हा दादाही त्याच जागी उभा राहिला. काम सार्वजनिक, मोबदला मर्जीवर. केंद्र महामंडळाकडं बोट दाखवतं, महामंडळ राज्याकडं, राज्य तिजोरीकडं. पूर्वी खळ्यावर सूप घेऊन उभं राहायचो, आता खिडकीवर पासबुक घेऊन. ह्याच राज्यात २०१६ ला आमदारांची पेन्शन वाढवून महिना पन्नास हजार केली. एकदा निवडून आला तरी पुरे. तिथं तूट, मूल्यांकन, मर्यादा, असला एकही शब्द कुणी काढला नाही.

आपण १९७२ ला पँथर हे नाव अमेरिकेतल्या काळ्यांच्या चळवळीकडनं घेतलं, तर त्यांच्याकडचं एक ऐकून ठेवा. चाकणला कौतुकाने भारताचं डेट्रॉइट म्हणणारे लोक आहेत. ते डेट्रॉइट म्हणजे मोटारींचं शहर, आणि वस्ती बहुतेक काळ्यांची. कारखाने गेले, गोरे उपनगरात गेले, आणि १८ जुलै २०१३ ला त्या शहराने दिवाळं जाहीर केलं. पेन्शन फंडात तूट होती. त्यांच्या मिशिगन राज्याच्या घटनेत लिहिलेलं होतं की सार्वजनिक नोकराची पेन्शन कमी करता येणार नाही. डिसेंबरात न्यायाधीशाने सांगितलं, दिवाळखोरीत करता येते. बस चालवणारे, कचरा उचलणारे, कारकून, अशा निवृत्तांची पेन्शन साडेचार टक्क्यांनी कापली आणि महागाईपोटीची दरवर्षीची वाढ बंद केली. म्हणजे घटनेत लिहिलंय तेवढ्यावर विसंबायचं नाही. आपल्या घटनेच्या ४१ व्या कलमात म्हातारपणी सार्वजनिक साहाय्याची गोष्ट आहे, पण तिथंच आर्थिक क्षमतेच्या मर्यादेत असंही आहे. फरक एवढाच, की डेट्रॉइटच्या निवृत्तांपुढं निदान तुटीचा आकडा ठेवला गेला आणि २०१४ ला त्यांचं मत घेतलं. आमच्या दादाला मरेपर्यंत कुणी सांगितलं नाही की तुझ्या खात्यात ५४१ रुपयेच पडत होते. ते मी तो गेल्यावर काढलं.

आता माझी गोष्ट. ही लिहायची नव्हती, पण नावं शोधायला निघालो तर माझंही सोडता येत नाही.

योजनेत १९९६ ला एक कलम घातलं होतं. मालक आणि कामगार दोघांनी मिळून लिहून दिलं तर खऱ्या पगारावर भरणा करता यायचा आणि पेन्शनही खऱ्या पगारावर. दादाच्या डेपोत असा कागद आला का, नोटीस लागली का, दादाला कधी कळलं नाही. ४ ऑक्टोबर २०१६ ला सुप्रीम कोर्टाचा एक निकाल आला, की निवृत्त माणसाला मुदत गेली म्हणून हा पर्याय नाकारता येत नाही. दादाने ते पेपरातलं कात्रण कापून ठेवलं. मला म्हणाला, "एक अर्ज लिहून दे. कचेरीत देऊन येतो." मी तेव्हा मोर्च्याच्या तयारीत होतो. म्हणालो, "दादा, हे पैशाचं नंतर बघू. आपली लढाई मोठी आहे." तो काही बोलला नाही. पुन्हा एकदा विचारलं त्याने, २०१७ ला. मी पुन्हा 'नंतर' म्हणालो. मग त्याने विचारायचं सोडलं.

४ नोव्हेंबर २०२२ ला सुप्रीम कोर्टाने शेवटचा निकाल दिला. नोकरीत होते त्यांना चार महिन्यांची मुदत मिळाली. पण १ सप्टेंबर २०१४ च्या आधी पर्याय न देता जे निवृत्त झाले, त्यांचं दार बंद. दादा २०११ चा. आणि दादा तोवर मातीत होता.

अर्ज केला असता तर पेन्शन वाढली असती असं मी म्हणत नाही. बऱ्याच जणांचे अर्ज असेच फेटाळले गेले. पण त्याने तीस वर्षं रोज हिशेब दिला आणि एकदाच मागायला मला सोबत बोलावलं. मी त्याची गोष्ट छोटी ठरवली. पुतळ्यापाशी भाषण करताना 'कष्टकरी बाप' म्हणून टाळ्या घेतल्या, आणि घरात तोच बाप कात्रण हातात घेऊन बसलेला. हे शॉर्ट माझ्या नावावर आहे. चढवून घेतो.

म्हणूनच तुम्हाला सांगायचा मला हक्क आहे. ही गोष्ट म्हाताऱ्यांची नाही. मी म्हाळुंग्याला एका कंपनीत ठेकेदाराकडं होतो. पगारातनं फंड कापला जायचा. मोबाईलवर पासबुक उघडलं तर सात महिने कोरे. विचारलं तर ठेकेदार म्हणाला, कंपनीने बिल काढलं नाही. कंपनी म्हणाली, तू आमचा माणूसच नाहीस. खळ्यावरचं तेच बोलणं. भोसरी, मोशी, चाकण, खराबवाडी, कुठंही जा, आपली पोरं ठेकेदाराच्या हजेरीवर आहेत. बसमध्येही तेच आलंय. पीएमपीएमएलच्या विजेच्या गाड्या २०१९ पासून धावतायत. गाडी ठेकेदाराची, ड्रायव्हर ठेकेदाराचा. एसटीच्या विजेच्या गाड्या २०२२ पासून, त्यांचंही तसंच. दादा राखीव जागेवर लागला होता. ठेक्यात राखीव जागा नाही. आणि पेन्शनचा हिशेब विचारायला समोर माणूसच नाही.

मग करायचं काय? बाबासाहेबांनी फेब्रुवारी १९३८ ला मनमाडला रेल्वेच्या अस्पृश्य कामगारांपुढं दोन शत्रू सांगितले, ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही. आपण पहिल्याचं नाव घेतो आणि दुसऱ्याच्या कचेरीत जायचं टाळतो, कारण तिथं घोषणा चालत नाही, आकडे लागतात. तर आकडे शिकू. दर रविवारी अभ्यासवर्गाचा एक तास ह्याला ठेवू. प्रत्येकाने घरातलं पासबुक आणि पगाराची चिठ्ठी आणायची. कापलेलं आणि भरलेलं शेजारी शेजारी लिहायचं. कापून भरलं नसेल तर ती नुसती थकबाकी नाही. कामगाराचा कापलेला फंड मालकाकडं विश्वासाने ठेवलेला मानतात, आणि तो न भरणं हा फौजदारी विश्वासघात आहे. जुन्या दंडविधानाच्या ४०५ कलमाला तसं स्पष्टीकरण होतं, २०२४ च्या जुलैपासूनच्या न्याय संहितेत ते ३१६ मध्ये आहे. तीन रुपयांवर कंडक्टरची केस होते, तर सात महिन्यांवर साहेबाची का नाही?

दुसरं, माहितीच्या अधिकाराचे अर्ज. २००५ चा कायदा आहे, दहा रुपये लागतात. एसटीचे हिशेब देशाचे महालेखापरीक्षक तपासतात. त्यांनी फंड आणि ग्रॅच्युइटीच्या थकबाकीबद्दल काय लिहिलं? कोणत्या महिन्यापासून किती कापलं, किती भरलं, किती राहिलं, आणि न भरण्याच्या निर्णयावर सही कुणाची? शेवटचा प्रश्न विसरायचा नाही. तूट आपोआप येत नाही, तिच्यावर सही असते. ती सही एकदा कागदावर आली की मोर्चा कुणाच्या दारात न्यायचा ते कळेल.

पहिला अर्ज आम्ही लिहून ठेवलाय, आईच्या नावाने. गेल्या वर्षी हयातीच्या दाखल्याला मशीनवर तिचा अंगठा उमटला नाही. भांडी घासून रेषा गेल्यात. चार वेळा दाबून खिडकीवरचा पोरगा वैतागला. त्यामुळं अर्जाखाली मी शाईचं पॅड ठेवलं तर ती चिडली. म्हणाली, "अंगठा तुझ्या आज्याचा व्हता. मी सही करते." रात्रशाळेत शिकलेली सही आहे तिची. दोन ओळी खाते, पण वाचता येते.

सही झाल्यावर तिने विचारलं, "ह्यानं पैसं वाढतील?"

मी म्हणालो, "लगेच नाही."

"मग काय मिळल?"

"नाव मिळेल. शॉर्ट कुणाचं होतं त्याचं."

ती म्हणाली, "ते दादाला पायजे व्हतं." आणि पासबुक पिशवीत घालून आत गेली.

सोमवारी अर्ज देतोय. ज्यांना सोबत यायचंय त्यांनी सकाळी दहाला पिंपरीत बाबासाहेबांच्या पुतळ्यापाशी यावं. येताना घरचं पासबुक आणावं.

जयभीम.